काम मागणारा आणि काम काढणारा



 नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनो, थेट तुमच्या पगारपत्रकाकडे वळतो. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. हा कर १९७५ साली आला. मुख्यमंत्री होते आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण, आणि कर लावला होता रोजगार हमी योजनेसाठी. नोकरदारांकडून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, असा तो हिशेब. मुंबईच्या कारकुनाने मुखेडच्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला हातभार लावायचा, हे त्या काळी कायद्याने ठरवले. कपात अजून चालू आहे. ती कशापायी सुरू झाली, हे स्टाफरूममध्ये विचारून पाहा. बहुतेक जण आयकराबद्दल बोलू लागतील.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सुकडी आणि मिलो आठवतो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, खडीचे ढीग. पण दुष्काळी काम ही नवी गोष्ट नव्हती. इंग्रजांच्या काळापासून ते निघत होते. पिकाची आणेवारी लागायची, जिल्हाधिकारी टंचाई जाहीर करायचे, मग काम. काम कधी काढायचे हे सरकार ठरवी आणि उपाशी माणूस वाट पाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात आधी प्रयोग करून जी योजना पुढे आणली, तिने हा क्रम उलटा केला. मजुराने काम मागायचे आणि सरकारने पंधरा दिवसांत द्यायचे. नाही दिले तर बेकार भत्ता. १९७७ च्या कायद्याने त्याला हक्काचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

माझ्या मते हा उलटा क्रम एवढीच महाराष्ट्राने जगाला दिलेली नवी गोष्ट. आणि गेली पन्नास वर्षे आपले राजकारण तिच्याविषयी सोडून बाकी सगळ्याविषयी भांडत आले आहे.

काय काय भांडणे झाली? खड्डे खणायचे आणि बुजवायचे, म्हणून टवाळी झाली. मस्टरवर खोटी नावे चढली, ते खरेच होते. बागायतदार म्हणाले, हमीमुळे मजूर मिळत नाही. १९९० मध्ये फळबाग योजना हमीला जोडली, तेव्हा पैसा भूमिहीनाकडून सातबारावाल्याकडे चालला अशी ओरड झाली. तिच्यात तथ्य होते, पण बागाही उभ्या राहिल्या. २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी लोकसभेत म्हणाले की मनरेगा, म्हणजे केंद्राची रोजगार हमी योजना, हे काँग्रेसच्या अपयशाचे स्मारक आहे. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत माणसे गावाकडे परतू लागली तेव्हा, त्यांच्याच सरकारने त्याच योजनेला चाळीस हजार कोटी रुपये जादा दिले. स्मारकाला एवढा निधी क्वचितच मिळतो! विरोधकांनीही मग आकडा पुरेसा की अपुरा एवढ्यावरच वाद घातला.

या गदारोळात काम काढण्याचा अधिकार हळूहळू परत कचेरीत गेला. १९८८ मध्ये राज्यात किमान वेतन जवळपास दुप्पट झाले आणि हमीची मजुरी त्याला जोडलेली असल्याने तीही वाढली. मजुरी वाढल्यावर मागणी वाढायला हवी. प्रत्यक्षात कामावरची हजेरी घटली. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये याची छाननी करून दाखवले की हमीचे काम तेव्हा रेशनिंगसारखे वाटले जाऊ लागले होते. कोणी कायदा बदलला नाही, विधानसभेत कोणी गोंधळ घातला नाही. कामेच कमी काढली गेली.

पुढे केंद्राचा कायदा, म्हणजे नंतरची मनरेगा, आला. २ फेब्रुवारी २००६ ला पहिल्या दोनशे जिल्ह्यांत नांदेड होते. लातूर दोन वर्षांनी आले. कागदावर मागणीचा हक्क शाबूत होता. पण काम मागणीचा नमुना ४ भरल्याची तारीख असलेली पोचपावती हातात पडली तरच पंधरा दिवस मोजता येतात, आणि पावती द्यायची कोणी? बेकार भत्ता देशभर अपवादानेच मिळाला, त्याचे मूळ इथे आहे. त्यात २०२३ पासून दिवसातून दोनदा फोटो काढून मोबाइलवर हजेरी. चोरी थांबवण्याचा हेतू मी नाकारत नाही. मात्र बालाघाटच्या डोंगरात रेंज नसली की खाडा मजुराचाच पडतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा ‘व्हीबी-जी राम जी’ कायदा मंजूर केला. शंभराचे सव्वाशे दिवस झाले, यावर टाळ्या पडल्या. गांधीजींचे नाव गेले, यावर सभात्याग झाला. माझी नजर दुसऱ्या कलमांवर आहे. केंद्र प्रत्येक राज्याचा निधी आधी ठरवून देणार, त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा, ठरलेल्या निधीतही बहुतेक राज्यांना चाळीस टक्के वाटा. पेरणी-काढणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवता येईल. औशाचा सोयाबीनवाला यावर खूश असेल आणि त्याची अडचण खोटी नाही. पण पाऊस जूनमध्ये दडी मारतो तेव्हा पेरणीचा हंगाम पंचांगात असतो, शेतात नसतो. त्या दिवसांत काम मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचे? पैसा आधी ठरला की मागणी त्या पैशाच्या मापाने कापली जाणार. हे आणेवारीच्या जुन्या वाटेने परत जाणे आहे, सव्वाशे दिवसांचा फलक लावून.

कोणी म्हणेल, मजुरांना कुठवर माती उकरायला लावणार, कारखाने आणा. आणा ना! लातूरजवळ रेल्वे डब्यांच्या कारखान्याची कोनशिला २०१८ मध्ये बसली, तेव्हापासून तिथल्या नोकऱ्या प्रत्येक निवडणुकीत मोजल्या जातात. नांदेडची उस्मानशाही मिल ज्यांनी चालू पाहिली त्यांना कारखान्याचे मोल मी सांगायला नको. पण कंधारचे जे जोडपे दिवाळीआधी उचल घेऊन ऊसतोडीच्या कोयत्यावर जाते, त्याचा प्रश्न पुढच्या पंधरवड्याचा आहे.

निर्णय कोणाच्या हाती, यावर मदतीचे फळ कसे ठरते हे लातूरने एकदा पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली. आखणी बहुतांशी वरून झाली. घरे मजबूत, पण जुन्या गल्लीतला शेजार, गोठा आणि शेत दूर पडल्याची तक्रार वर्षानुवर्षे ऐकू आली. त्याच कार्यक्रमात लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीचा पैसा टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या हाती गेला. सिमेंट त्याने आणले, गवंडी त्याने ठरवला. पुनर्वसन शिकवताना या दुसऱ्या भागाला आपण एखादे पान तरी देतो का?

म्हणून या परिषदेपुढे एकच प्रस्ताव ठेवतो. योजनेच्या बाजूने किंवा विरुद्ध ठराव करू नका. ते काम पक्ष करतातच. दर महाविद्यालयाने मुखेड, कंधार, जळकोट, निलंगा अशा तालुक्यांतले एक गाव घ्यावे. वर्षभर चार तारखा लिहाव्यात: तोंडी काम मागितले कधी, पावती मिळाली कधी, काम निघाले कधी, मजुरी जमा झाली कधी. विद्यार्थ्यांनी ग्रामरोजगार सेवकाशी हुज्जत घालू नये, त्याचे मानधनही बहुधा थकलेले असते. आणि पावती मिळालीच नसेल तर तो रकाना कोरा ठेवा, अंदाजाने भरू नका.