मांडवाबाहेरच्यांसाठी एक खुर्ची

आजचा विषय तुमच्या हातातल्या मोबाईलचा आहे. एखाद्या व्यवसायाची परिषद किंवा प्रदर्शन भरतं, तेव्हा ब्लॉगर, यूट्यूबर लोकांना बोलवायचं का? आणि बोलावलं तर त्यांची सोय काय करायची?

उदाहरण आपल्या नागपूरचंच घेऊ. २००९ पासून इथे ॲग्रोव्हिजन हे कृषी प्रदर्शन भरतं. पूर्वी रेशीमबागेत भरायचं, अलीकडे दाभ्याला. ट्रॅक्टर, ठिबक वगैरेंचे स्टॉल असतातच, पण सोबत शेतकऱ्यांसाठी कार्यशाळाही होतात.

आता समजा, तिथे संत्र्याच्या फळगळीवर कोणी तज्ज्ञ तासभर बोलले. वरूड-मोर्शीचा एक बागायतदार त्या दिवशी ओलित सोडून येऊ शकला नाही. त्याच्यापर्यंत काय पोचतं? कुठल्याही कार्यक्रमाचं पोचतं तेच: दीपप्रज्वलनाचा फोटो आणि पाहुण्यांची नावं. फवारणी कधी करायची, कशाची, किती पाण्यात किती, हे सगळं मांडवातच राहतं. ज्याची बाग गळते आहे, त्याला नेमकं तेच हवं असतं ना राजेहो!

म्हणून मी म्हणतो, ब्लॉगरला फुकटचा प्रचारक समजू नका. जे येऊ शकले नाहीत, त्यांच्या वतीने तो ऐकायला बसलेला असतो.

गंमत म्हणजे, हॅशटॅगचा जन्मसुद्धा अशाच मेळाव्याच्या संदर्भात झाला. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर विचारलं, की गटांसाठी # हे चिन्ह वापरलं तर कसं? उदाहरण दिलं ते बारकॅम्पचं. बारकॅम्प म्हणजे तंत्रज्ञांचा असा मेळावा, जिथे श्रोतेच वक्ते होतात.

पण मराठी हॅशटॅगमध्ये एक मेख आहे. 'ॲग्रोव्हिजन'मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे टाईप होतं. एक म्हणजे 'ॲ' हे सलग अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरं म्हणजे आधी 'अ' आणि त्यावर चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द. मग अर्ध्या पोस्ट एका हॅशटॅगखाली जाऊ शकतात, अर्ध्या दुसऱ्या. उपाय सोपा आहे. आयोजकांनी एकच हॅशटॅग ठरवावा, सगळ्यांना कॉपी करता येईल असा आधीच पाठवावा आणि मांडवात त्याचा क्यूआर कोड लावावा.

आयोजकांनी अजून काय करावं? पुढच्या रांगेत दोन-चार खुर्च्या आणि शेजारी चार्जिंगचा पॉइंट. गर्दीत नेटवर्क मरतं, म्हणून जमलं तर वेगळं वायफाय. वक्त्यांच्या स्लाइड आदल्या दिवशी. रेकॉर्डिंग चालेल की नाही, हे वक्त्याला आधीच विचारून जाहीर करावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाषण संपल्यावर वक्त्याची दहा मिनिटं. औषधाचं प्रमाण लिहिताना एक शून्य जास्त पडलं, तर नुकसान वाचणाऱ्याच्या शेताचं होतं. ते पोस्ट करण्याआधी वक्त्याकडून तपासून घेता आलं पाहिजे.

आता आपली, म्हणजे मोबाईलवाल्यांची बाजू. येण्याजाण्याचा खर्च किंवा फुकट वस्तू एखाद्या कंपनीने दिली असेल आणि आपण तिच्याबद्दल बोलत असू, तर तसं स्पष्ट सांगायचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. दुसरं म्हणजे, कोणी सांगितलं, कोणत्या पिकासाठी आणि कोणत्या तारखेला, हे प्रत्येक पोस्टमध्ये लिहायचं. फॉरवर्ड होत होत तीच पोस्ट दोन वर्षांनी पुन्हा फिरते, आणि तोवर सल्ला बदललेला असू शकतो.

तर पुढच्या वेळी कुठल्याही परिषदेला गेलात, की स्टॉलसमोर सेल्फी काढाच, मनाई नाही! पण एक भाषण शेवटपर्यंत ऐका. त्यातल्या कामाच्या दहा ओळी लिहा, तपासून घ्या आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. त्या दहा ओळींची वाट कोणीतरी नक्की पाहत असतं.

भेटू पुढच्या भागात!