हिशेबाची किल्ली कोणाच्या कमरेला?



आम्ही शाळेत फार शिकलेलो नाही. जे शिकलो ते हमाल-तोलारांच्या सभांत, पगारपत्रकावर बोट ठेवून शिकलो. तेव्हा आम्ही संगणकावर बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. परंतु आजचा विषय यंत्राचा नसून हिशेबाचा आहे, आणि हिशेब हा कामगार-चळवळीचा फार जुना विषय आहे.

आपल्या मोंढ्याचेच उदाहरण घेऊ. हळदीची पोती आली, वजन झाले, लिलाव झाला. एवढ्या व्यवहारातून शेतकऱ्याची पट्टी, अडत्याची अडत, हमालाची हमाली, तोलाराची तोलाई आणि सरकारचा कर असे पाच हिशेब निघतात. पूर्वी ते रोजकीर्दीतून खतावणीत उतरत; आता ते संगणकात उतरतात. पेढीवरच्या चार-पाच संगणकांना एकाच वहीत लिहिता-वाचता यावे म्हणून मध्ये जे यंत्र बसवतात, त्याला सर्व्हर म्हणतात. तो पेढीचा नवा मुनीमच होय. प्रश्न एवढाच की, हा मुनीम कोणाच्या हुकमात वागतो?

या मुनिमाला चालवणारे सॉफ्टवेअर बहुधा भाड्याने मिळते. माणसे वाढली की भाडे वाढते. आतली रचना पाहण्याची गिऱ्हाइकास मुभा नसते. भाडे थकले तर वही उघडेनाशी होऊ शकते. आकडे आपले, घाम आपला, पण कुलूप परक्याचे!

या रीतीला अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली आव्हान दिले आणि १९८९ साली त्यातून एक सार्वजनिक परवाना निघाला. त्याने वापरणाऱ्यास चार हक्क दिले: सॉफ्टवेअर हवे तसे चालवावे, त्याची घडण अभ्यासावी, ती बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. अट एकच. सुधारून वाटणाऱ्याने हेच हक्क पुढच्यालाही दिले पाहिजेत. आम्हास हा परवाना वाचताना सामुदायिक कराराची आठवण झाली. कारण एकाने मिळवलेला हक्क येथे सर्वांच्या पदरात पडतो.

याच परवान्याच्या पुढल्या आवृत्तीखाली आपल्या मुंबईत लहान धंद्यांसाठी ‘ईआरपीनेक्स्ट’ ही व्यवस्था उभी राहिली. तिचे जनक रुषभ मेहता यांनी २००८ साली त्यासाठी कंपनी काढली आणि पुढे सॉफ्टवेअरची सारी घडण जगापुढे खुली ठेवली. खरेदी, विक्री, गोदामातला साठा आणि खतावणी एकाच ठिकाणी लिहिणारी ही व्यवस्था आहे. तिची पंधरावी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली.

नव्या आवृत्तीची गरज काय, असे कोणी विचारील. कायदे बदलतात म्हणून. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील विक्रीची बिले सरकारी यंत्रणेत नोंदवावी लागू लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे दर बदलले. बंद सॉफ्टवेअरच्या घडणीत असा बदल फक्त त्याचा मालक करू शकतो, तोही त्याच्या सवडीने. खुल्यात तो कोणीही जाणकार करू शकतो; मग तो मुंबईचा असो वा वसमतचा.

कोणी म्हणेल, खुले सॉफ्टवेअर देणाऱ्याने उद्या हात आखडता घेतला तर? तसे घडलेले आहे. ‘सेंटओएस’ ही सर्व्हरची खुली प्रणाली जगभर वापरात होती. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे धरून लोक चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने जाहीर केले की, २०२१ अखेरच ती बंद होईल. परंतु घडण खुली होती. सेंटओएसच्याच एका संस्थापकाने ‘रॉकी लिनक्स’ची हाक दिली, दुसऱ्या बाजूने ‘अल्मालिनक्स’ निघाले आणि २०२१ सालातच दोन्ही लोकांच्या हाती आली. कंपनीने दार लावले, तरी घर लोकांच्याच ताब्यात राहिले.

‘फुकटचे ते पौष्टिक’ म्हणून आम्ही याची वाखाणणी करीत आहोत असे नव्हे. औंढा नागनाथजवळच्या ज्या लायगो वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, त्या लायगोच्या शास्त्रज्ञांची गुरुत्वीय लहरी शोधण्याची बरीच सॉफ्टवेअरे अशीच खुली आहेत. ज्याला हिशेब पारखून घ्यायचा आहे, त्याला घडण दिसावीच लागते.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. ज्या कागदावर आपले नशीब लिहिले आहे तो आपल्याला वाचता येत नाही, हे त्या संतापामागचे एक मोठे दुःख होते. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यास पैसे भरल्याची पावती आणि हिशेबाचा वार्षिक उतारा मागण्याचा हक्क दिला. १९६९ च्या माथाडी कायद्याने आमच्या हमालाची मजुरी मंडळाच्या नोंदीत आणण्याची वाट काढली. वही जाळण्यापासून वही वाचण्यापर्यंत हा प्रवास झाला आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सॉफ्टवेअर खुले झाले म्हणून हमालापुढे वही आपोआप उघडत नाही. परवान्याने पेढीच्या मालकाला स्वातंत्र्य मिळते. त्यातले हमालाच्या वाट्याला काय येते, हे आपल्या संघटनेवर अवलंबून आहे. म्हणून ज्या दुकानात असा सर्व्हर बसेल तेथे आमची मागणी राहील की, आठवड्याची हमाली, कापलेली उचल आणि शिल्लक यांचा मराठीतला उतारा प्रत्येकाच्या हाती द्यावा. दुसरी मागणी सर्व्हर सांभाळणाऱ्याची. रोज राखीव प्रत ठेवणे, नवी आवृत्ती नीट तपासून चढवणे, बिघाड काढणे, ही मेहनतीची कामे आहेत. परवाना फुकट असला तरी हे श्रम फुकट नाहीत. ते ‘जरा बघून दे’ म्हणून भाच्या-पुतण्याकडून करवून घेण्याची रीत सोडली पाहिजे.

व्यापारी बंधूंनो, दहा पेढ्यांनी मिळून जिल्ह्यातलाच एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी रास्त पगारावर नेमावी. परक्या गावी जाणारे भाडे येथल्याच घरात पगार म्हणून येईल. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. आता तिचा हिशेबही येथल्याच माणसांच्या हाती राहो. किल्ली आपल्या कमरेला असावी, आणि वही पोते उचलणाऱ्यासही वाचता यावी, एवढेच मागणे आपणापुढे ठेवून आम्ही रजा घेतो.