मुंबईच्या कुंडीत गावची काळी माती

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं, भावंडं मुंबईला आहेत. कुणी लालबाग-परळला, कुणी दादर-गिरगावात. तिकडे जाताना आपण पीठ, शेंगा नेतो, तसं तुळशीचं रोप आणि पिशवीभर काळी मातीही नेतो. शेतात उत्तम ती माती कुंडीतही उत्तम, असा आपला समज. पण श्रावण सरेपर्यंत तुळस काळी पडते आणि घरची बाई मनाला लावून घेते. तिचा त्यात काही दोष नसतो.

शेतात पाण्याला खाली उतरायला जागा असते. कुंडीत वीतभर माती आणि एक भोक. शिवाय माण-खटावकडे वर्षभरात पडतो त्याच्या सुमारे चौपट पाऊस मुंबईत चार महिन्यांत पडतो. काळी माती फुगते, तिच्यात हवा राहत नाही आणि मुळ्या कुजतात. म्हणून तिच्यात खडा मिसळावा लागतो.

खडा मोहरीहून मोठा, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा असावा. हरभऱ्याहून मोठा नको. बांधकामाची बारीक वाळू घातलीत तर ती मातीच्या फटी बुजवते आणि कुंडीत वीटच तयार होते! क्रशरवरची कच चालेल, पण चाळून, तिची भुकटी धुऊन काढल्यावर. माझी पसंती पक्क्या भाजलेल्या विटेच्या तुकड्यांना. ते थोडं पाणी धरतात आणि हवाही खेळू देतात. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून पाहा. सकाळी चिखल झाला तर वीट कच्ची समजा.

गिरगाव चौपाटी जवळ आहे म्हणून तिथली वाळू आणू नये. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ धुतलं जाईल, चुरा राहील. पाडलेल्या चाळीच्या राबिटातही चुना-सिमेंट असतं. त्यानं मोगऱ्याची, गुलाबाची पानं पिवळी पडतात. शंका आली तर खड्यावर लिंबू पिळा. फेस आला की त्यात चुना आहे.

आता माझी एक चूक सांगतो. लालबागला मावशीच्या गॅलरीत मीच डब्याच्या तळाशी चार बोटं खडी घालायला लावली होती. रोप गेलं. भिजलेला स्पंज खडीवर ठेवून पाहा, पाणी आपणहून खाली उतरत नाही. तसंच कुंडीत होतं. वरची माती पुरती भरल्याशिवाय पाणी खडीत शिरत नाही. उलट खडीनं जागा खाल्ल्यामुळे ओल मुळ्यांच्या आणखी जवळ येते. तेव्हा थर घालू नका, खडा सगळ्या मातीत कालवा. भोकावर एक खापरी पुरे, तीही पालथी.

प्रमाण सोपं आहे. एक घमेलं काळी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं खडा. मूठभर खडा घालून भागत नाही, बरं का. भरल्यावर तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तळं करून राहिलं तर खडा आणखी हवा.

हे काम वैशाखात, पावसाआधी उरकावं. ज्यांची कुंडी आत्ताच पाण्यात उभी आहे त्यांनी खालची ताटली काढावी, कुंडी दोन विटांवर ठेवावी आणि भोक काडीनं मोकळं करावं.