चित्राची नक्कल आणि नावाचा मान

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात चित्रप्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



बाहेर व्हरांड्यात मुलांनी रंगविलेली चित्रे आपण पाहिलीच असतील. ही सर्व जुन्या जपानी निसर्गचित्रांवरून हाताने केलेली आहेत. त्यांतील एका चित्रावरून गेल्या महिन्यात एक पालक माझ्याकडे आले. ते म्हणाले, "सर, मुलाने हे चित्र स्वतःचे म्हणून घरी दाखविले. आम्ही मोहल्लाभर कौतुक केले. आज वर्गात पुस्तकातले मूळ चित्र पाहिले. परीक्षेत कॉपी केली की तुम्ही मुलाला उठविता, आणि इथे तीच शिकविता काय?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आज सर्वांसमोर देतो.

ते मूळ चित्र हिरोशिगे या चित्रकाराचे आहे. एडो, म्हणजे आजचे टोकियो, या शहराची शंभरांहून अधिक दृश्ये त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत काढली. त्यांपैकी हे १८५७ सालचे. नदीवर लाकडी पूल आहे, अचानक पावसाची सर आली आहे आणि माणसे डोके झाकून धावत आहेत. एवढेच. पण असे एक चित्र तयार व्हायला अनेक हात लागत. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते चेरीच्या लाकडावर कोरी. रंगागणिक वेगळा ठसा असे. मग छापणारा एकेक ठसा त्याच कागदावर अचूक जुळवून हाताने दाबी. रंगाची फिकट होत जाणारी छटा तो ओल्या ठशावरच पुसून आणी. अशा चित्रांच्या पुष्कळ प्रती निघत आणि सामान्य माणूसही त्या विकत घेई.

आमच्या मुलाजवळ ना ठसे, ना कोरणारा. एक ब्रश, जलरंगाची पेटी आणि कागद. पावसाच्या त्या बारीक तिरप्या रेघा काढताना पहिले तीन कागद वाया गेले. चौथ्या वेळी त्याच्या लक्षात आले की रेघा दोन दिशांच्या आहेत, म्हणून पाऊस हलताना दिसतो. ही गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. खरे सांगायचे तर मलाही ती तोवर दिसली नव्हती. नक्कल करताना डोळा शिकतो तो असा.

याच चित्राची नक्कल १८८७ साली पॅरिसमध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉग या प्रख्यात चित्रकाराने तैलरंगांत केली. रंग अधिक भडक केले, भोवती जपानी अक्षरांची चौकट रंगविली. एवढा मोठा माणूस दुसऱ्याचे चित्र समोर ठेवून बसला, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडेही हीच रीत आहे. खत्तातीची, म्हणजे सुलेखनाची, कला शिकणारा शागिर्द उस्तादाच्या अक्षराची मश्क करीत वर्षे घालवी. तुर्की परंपरेत तर इजाजत मिळाल्यावरच त्याने आपल्या लिखाणाखाली स्वतःचे नाव घालावे असा दंडक होता. आधी हात तयार व्हावा, मग नाव यावे.

नक्कल कधी कधी मूळ वस्तूचीही सेवा करते. अजिंठ्याची भित्तिचित्रे झिजत चालली होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुढे बरीच वर्षे त्यांच्या नकला केल्या. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस यांच्यासारखे कलावंत होते आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन हेही होते. अंधाऱ्या लेण्यांत बसून या मंडळींनी जे उतरविले, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. कारण त्यांनी ते अजिंठ्याचे म्हणूनच जगापुढे ठेवले.

मग आमच्या मुलाचे चुकले कुठे? त्याने चित्राखाली केवळ आपले नाव घातले, हिरोशिगे यांचे नाही. तेवढेच चुकले. आणि त्यात निम्मा दोष माझा. ब्रश कसा धरावा हे मी सांगितले, ऋण कसे मानावे हे सांगायचे राहिले. परीक्षेतली कॉपी लपविलेली असते आणि ती करताना मुलगा काहीच शिकत नाही. ही नक्कल उघड असते आणि तिच्यात श्रम असतात. मूळ धन्याचे नाव पुसले, की मात्र दोन्हींतला फरक संपतो.

त्या दिवशी मुलाने वडिलांसमोर ब्रश घेतला आणि खाली लिहिले, "हिरोशिगे यांच्या चित्रावरून." वडील काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "सर, हे घरात भिंतीवर लावतो." आज प्रत्येक चित्राखाली आपल्याला ही ओळ दिसेल.

फक्त शेवटच्या चित्राखाली ती नाही. ते त्याच मुलाचे आहे. त्यात आपल्या माहुलची खाडी आहे, कोळ्यांच्या होड्या आहेत, मागे तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या आहेत आणि वरून दोन दिशांचा पाऊस पडतो आहे. त्याखाली त्याने केवळ आपले नाव लिहिले आहे. आता तो त्याचा हक्क आहे.

पालकांना माझी एकच विनंती. मूल चित्र काढीत बसले तर "अभ्यास सोडून हे काय?" असे लगेच म्हणू नका. ते कशावरून काढले, एवढे मात्र अवश्य विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, ज्याच्याकडून शिकलात त्याचे नाव घ्यायला कधी लाजू नका.