विमान उतरताना फ्लॅप जपून वापरा

बारामती किंवा गोंदियाकडच्या बायांना डोक्यावर घिरट्या घालणारी छोटी विमानं नवी नाहीत. तिथं वैमानिक घडतात, त्यांत मुलीही असतात. उद्या आपल्या गटातल्या कुणाची लेकही तिथं शिकायला जाईल. म्हणून आज त्या विमानातल्या एकाच भागाबद्दल बोलू या. त्याचं नाव फ्लॅप.

बांधावर उतरणारा बगळा आठवा. पंख पसरून, वाकवून तो वेग मोडतो आणि अलगद पाय टेकतो. विमानाच्या पंखालाही मागच्या कडेला हलती फळी असते, तीच फ्लॅप. ती खाली झुकवली की पंखाची उचल वाढते आणि विमान कमी वेगातही हवेत टिकतं. हवेचा अडथळाही वाढतो, म्हणून वेग न वाढवता जास्त उतारानं खाली येता येतं.

पण फ्लॅप कधीही उघडून चालत नाही. शिकण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘सेसना १७२ एस’ विमानाचं उदाहरण घेऊ. पहिले १० अंश फ्लॅप ११० नॉटपर्यंत चालतात. त्याहून जास्त, म्हणजे ३० अंशांपर्यंत न्यायचे, तर वेग ८५ नॉटच्या आत हवा. ८५ नॉट म्हणजे ताशी सुमारे १५७ किलोमीटर. वेगाच्या तबकडीवर यासाठी पांढरा पट्टा असतो. वेग जास्त असताना फ्लॅप उघडले, तर हवेच्या जोरानं त्यांना इजा होऊ शकते.

फ्लॅप एकेक टप्प्यानं उघडायचे. दर टप्प्याला विमानाचं नाक हलतं, वेग बदलतो. तो सावरला की मगच पुढचा टप्पा. फ्लॅप उघडताच विमान एका बाजूला कलंडायला लागलं, तर ते लगेच पहिल्या जागी न्यायचे. आडवा वारा जोराचा असेल आणि धावपट्टी पुरेशी लांब असेल, तर कमी फ्लॅप बरे.

आता सगळ्यांत जपायची वेळ. उतरता उतरता धावपट्टीवर गुरं दिसली किंवा अंदाज चुकला, तर पुन्हा वर जावं लागतं. त्या घाईत फ्लॅप एकदम मिटले तर पंखाची उचल अचानक कमी होते. विमान खाली बसतं, आणि सावरायला खाली उंचीच उरलेली नसते. म्हणून आधी इंजिनला पूर्ण जोर द्यायचा. मग फ्लॅप ३० वरून २० अंशांवर आणायचे. वेग ६० नॉट झाला की १० वर. उंची आणि वेग दोन्ही हाताशी आले, की मगच पूर्ण मिटायचे.

फ्लॅप विजेवर चालतात. ते उघडलेच नाहीत, तरी विमान उतरतं. फक्त वेग थोडा जास्त ठेवावा लागतो आणि धावपट्टी जास्त लागते.

तुमची लेक विमान शिकायला निघाली, तर तिला एवढं जरूर सांगा: उतरणं जमत नाही असं वाटलं, तर पुन्हा एक फेरी मारण्यात कसलाच कमीपणा नाही.