पायरीची वाट आणि थेट वाट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मुलीने परिचारिका व्हावयाचे म्हटले की कपाळाला आठ्या पडत, ते दिवस आपल्यांत आता बव्हंशी मागे पडले आहेत. आता पालक आम्हांस विचारतात, कोणत्या मार्गाने जावे? आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शाळामास्तर. तरी या बाबतीत आमच्या हातून घडलेली एक चूकच आज आपणांपुढे ठेवितो.

काही वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी कला शाखेतून बारावी झाली. वडील नुकतेच वारलेले. दोन वर्षांत हाताला काम मिळेल म्हणून आम्ही तिला ए. एन. एम.चा सल्ला दिला. नोकरी लागली, घर सावरले. परंतु पुढे स्टाफ नर्स व्हावे असे मनात आले, तेव्हा उलगडा झाला की, ए. एन. एम.ची नोंद सहायक परिचारिका-प्रसाविका म्हणून होते, नोंदणीकृत परिचारिका म्हणून नव्हे. तिने जी. एन. एम.ची तीन वर्षे पहिल्यापासून केली. आधीची दोन त्यांत वजा झाली नाहीत. मग पदवीसाठी पोस्ट बेसिक बी. एस्सी.ची आणखी दोन. शिक्षणाचीच सात वर्षे झाली! विज्ञान घेतलेली तिची धाकटी बहीण बारावीनंतर चार वर्षांत बी. एस्सी. नर्सिंग झाली.

आम्ही खेद व्यक्त केला, तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, घरची स्थिती पाहता मी कदाचित हीच वाट धरली असती, पण जाणून धरली असती."

म्हणून सांगतो. जी. एन. एम. आणि बी. एस्सी. या दोहोंनी नोंदणीकृत परिचारिका होता येते. जी. एन. एम.ला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते; तीन वर्षांनी मिळवती होते, आणि पुढे दोन वर्षांत पदवीही घेऊ शकते. थेट बी. एस्सी.ला मात्र बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेच. एम. एस्सी.चे दार दोन्ही पदव्यांना, एक वर्षाच्या अनुभवानंतर, खुले आहे. तेव्हा पायरीची वाट हीन नव्हे. पायरी कोठे नेते हे न विचारता चढणे घातक.

खरी निवड बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच होऊन जाते. 'मुलीला विज्ञान कशाला?' असे घरात म्हटले गेले की थेट वाट त्याच दिवशी बंद झाली. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेस महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे काय, आणि प्रत्यक्ष शिक्षण कोणत्या रुग्णालयात मिळते, हेही अवश्य पाहावे.

मंडळाच्या चालकांस एकच विनंती. शिष्यवृत्तीचे साह्य आपण बारावीनंतर देतो. ते अकरावीपासून द्यावे. वाट फुटते तेथेच हात देणारा हवा.