मंडलातील फेरे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



विजेच्या सर्किटास आपल्या परिभाषेत 'मंडल' म्हणतात. तेव्हा मंडळात मंडलाविषयी बोलावयास आम्हांस संकोच नसावा.

रेषीय मंडलाची समीकरणे सोडविता सोडविता विद्यार्थी मंडलच विसरतो. अमेरिकेतील एम.आय.टी.चे सॅम्युएल मेसन यांनी १९५३ व १९५६ मधील निबंधांतून यावर संकेत-प्रवाह आलेखाचा मार्ग दाखविला. प्रत्येक दाब वा प्रवाह म्हणजे एक बिंदू; कोण कोणावर परिणाम करतो ते दाखविणारा बाण; बाणावर त्याचा गुणक. मग फेरे मोजावयाचे आणि मेसनच्या सूत्राने उत्तर काढावयाचे.

आम्ही पुष्कळ वर्षे हे सूत्र आधी फळ्यावर लिहीत असू. एकदा हजार ओहमचे चार रोध शिडीसारखे जोडून दिले : एक वाटेत, एक जमिनीकडे, पुन्हा एक वाटेत, एक जमिनीकडे. दाब १० व्होल्ट. शेवटच्या रोधावर वर्गाचे उत्तर आले अडीच व्होल्ट. मीटरचा काटा मात्र दोनापाशी थांबला. 'मीटर बिघडला असेल,' मुले म्हणाली. आणि खरे सांगावयाचे तर क्षणभर आम्हांसही तसेच वाटले.

आलेखात तीन फेरे होते, प्रत्येकाचा गुणाकार उणे एक. म्हणून मुलांनी छेद मांडला १ + ३ = ४. परंतु पहिल्या व तिसऱ्या फेऱ्यात एकही बिंदू सामाईक नाही. त्या दोहोंचा गुणाकार, अधिक एक, मिळवावयाचा राहिला होता. छेद ५, सरळ मार्गाचा गुणाकार १. म्हणून दहाचा पाचवा भाग, दोन.

मीटर निर्दोष होता. चूक आमच्या शिकविण्यात होती. ते पद आम्ही पाठ करविले होते, त्याचे कारण सांगितले नव्हते. कारण सोपे आहे. दोन फेरे परस्पर स्वतंत्र असले की त्यांच्या छेदांचा गुणाकार होतो. (१ + १) गुणिले (१ + १) उलगडून पाहावे, म्हणजे ते चौथे 'एक' आपोआप हाती येते.

तेव्हापासून आम्ही आधी मंडल काढवितो, मग बाण, मग हा गुणाकार; सूत्र सर्वांत शेवटी. उत्तरास थोडा विलंब होतो, पण मुले मीटरला दोष देत नाहीत.

ज्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही, त्यांचाही हिशेबात वाटा असतो. पन्नास वर्षे चाललेल्या मंडळास हे आम्ही निराळे सांगावयास नको.